मोगऱ्याच्या चार कुंड्या

आक्के, तुझ्या फोटोला हार भावजींनी घातला. मी घातला नाही. त्या खोलीत मी दोनदा गेलो आणि दोनदा बाहेर येऊन बसलो. एवढ्या फोटोंतून त्यांनी नेमका तोच निवडलाय ज्यात तू ओठ मिटून हसतेयस. ते हसू अख्ख्या खानदानात माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. फळ्यावर पोरगं चुकीचं समीकरण लिहितंय, लिहिता लिहिता मोठ्या ऐटीत मागं वळून बघतंय, आणि तू खडू न उचलता टेबलाला टेकून उभी आहेस, तेव्हाचं ते हसू. चूक सांगायची नाही, ज्याची त्याला सापडू द्यायची. तीस वर्षं तू रसायनशास्त्र असंच शिकवलंस. तुझे विद्यार्थी दारात चपलांचा ढीग करून येऊन गेले आणि हेच सांगत रडले, की मॅडमनी आम्हाला कधी चूक दाखवली नाही, आमची आम्हाला शोधायला लावली. मी तिथंच सतरंजीवर बसून ऐकत होतो. मनात म्हणालो, रडा बाबांनो, तुमची वेळेवर सापडली तरी.

मला राग आलाय, आक्के. लोकांना वाटतंय मी दुःखानं गप्प आहे. घरात कुणी गेलं की आठवणी सांगायचं काम माझ्याकडं, हे आपल्यात ठरलेलंच आहे. आजोबा गेले तेव्हा मी त्यांच्या घोडीची गोष्ट अशी रंगवून सांगितली की रडणारी आत्या हसायला लागली. आजोबांकडं घोडी नव्हती, हे तेराव्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं. तर या वेळीही सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. चुलत्यांनी तर सुरुवातही करून दिली, "दिनकर, तुमच्या त्या कारखान्याचं सांग की काहीतरी." मी चहा आणायला म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभा राहिलो. बायकोला वाटलं मी रडतोय. तिनं पाठीवर हात फिरवला. मी दात आवळून उभा होतो.

त्या कारखान्याबद्दल सांगणार तरी काय? आपण नेमकं काय बनवतो हे आपल्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. तू चितेगावला शेड घेतलीस तेव्हा मावशीला वाटलं औषधाच्या गोळ्या असतील. मी तिला समजावायचो, की ऑफिसात, हॉटेलात एक यंत्र असतं, त्यात बोटभर उंचीची चहाची कुपी घालायची आणि बटण दाबायचं. गरम पाणी त्या कुपीतून जोरात जातं आणि खाली कपात तयार चहा पडतो. लोक तिला पॉड म्हणतात, तू हट्टानं कुपी म्हणायचीस. चहा झाला की कुपी फेकून द्यायची, आणि जगभर त्या प्लॅस्टिकच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या. आपली मक्याची. मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले दाणे, त्यात उसाच्या चिपाडाची पूड, वर कागदाचं झाकण. म्हणजे कुजणारी. मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुजणारी वस्तू कुणी इकत घेतं व्हय?" तू दोन दिवस हसत होतीस.

त्या हसण्यासाठी मी तुझ्याकडं आलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. बियाण्यांच्या कंपनीत जाहिरातीचा मजकूर लिहिण्यात माझी हयात गेली. पिशवीवर टरबूज छापायचं ते दोन माणसांनी उचलावं लागेल असं, खाली मी चार ओळी लिहायच्या. मग कंपनीनं मला लवकर घरी पाठवलं. मी दिवसभर पेपर वाचायचो आणि बायकोला भाजी कशी चिरावी हे शिकवायचो. एक दिवस तिनं सुरी माझ्या हातात दिली आणि तुला फोन केला. तू आलीस, माझ्यासमोर ती कुपी ठेवलीस आणि म्हणालीस, "दिन्या, तुझ्या जिभेला काम देते. चल." माझ्या आयुष्यात मला कुणी एवढ्या आदरानं नोकरीवर घेतलं नव्हतं.

सुरुवातीची कुपी आठवते का? रफिकभाईंनी साचा केला होता. दुचाकीचे प्लॅस्टिकचे भाग साच्यातून काढण्यात ज्यांचा हात बसलेला, त्या माणसाला तू चहाच्या कुपीला लावलंस. पहिल्या दिवशी कुपी यंत्रात घातली, गरम पाणी आलं आणि ती पिकलेल्या खरबुजासारखी बसली. चहा सगळा टेबलावर. रफिकभाई म्हणाले, "मॅडम, ये तो शरमा गई." मग तू आणि ते महिनोन् महिने मागं लागलात. साचा जास्त तापवायचा, कुपी आत जास्त वेळ ठेवायची, म्हणजे ती कडक होते. शेवटी झाली कडक. उकळतं पाणी अंगावर घेऊनही ताठ उभी. आपण तिघांनी त्या दिवशी शेडमध्ये उभ्यानं नऊ नऊ कप चहा प्यायला, आणि घरी जाऊन मी सांगितलं की पंधरा.

कडक झालेली कुपी कुजायला जास्त वेळ घेणार, हे तू तेव्हाच म्हणाली होतीस. म्हणून लासूर स्टेशनला चुलत भावाच्या शेतात गेलो. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत तू कुप्या भरल्यास, म्हणजे परत काढताना सापडतील, आणि त्याच्या उकिरड्यात हातभर खोल पुरल्यास. तीन महिन्यांनी पिशवी काढली तर आत चहाचा चोथा आणि मातीसारखं काहीतरी. कुपी नावालाही नाही. तू ती माती हुंगलीस आणि मला हुंगायला दिलीस. त्या वासावर आपण दोघं शाळकरी पोरांसारखे नाचायचे बाकी होतो.

इथं आपली चूक झाली, आणि ती आपलीच होऊ शकत होती. तो केवढा उकिरडा, आक्के. सहा जनावरांचं शेण, मक्याची धाटं, वर्षानुवर्षांचा ढीग. थंडीत सकाळी त्याच्यावरून वाफा निघतात, आत हात घातला तर चटका बसतो. ती भट्टीच आहे. तू रसायनशास्त्राची बाई आणि तुला हे सुचलं नाही, कारण आपण दोघं त्या उकिरड्याच्या कडेला खेळून मोठे झालो. आपल्या डोक्यात वस्तू कुजते ती तिथंच. पुण्यातल्या माणसाच्या बाल्कनीत उकिरडा नसतो, प्लॅस्टिकची कुंडी असते, हे आपल्यातल्या एकालाही दिसलं नाही. आणि मी घरी येऊन खोक्यावरचा मजकूर लिहिला. "चहा प्या, कुपी कुंडीत टाका, मोगरा फुलवा." वाचून मीच हरखलो. टरबुजानंतरचं माझं सर्वोत्तम काम.

तू चष्मा वर करून विचारलंस, मोगऱ्याचं कुणी बघितलंय? आणि गच्चीवरच्या मोगऱ्याच्या चार कुंड्यांत प्रत्येकी दोन कुप्या पुरल्यास. म्हणालीस, तीन महिने थांबू, मग छापू.

तिसऱ्या महिन्यात पुण्याचा ग्राहक बघायला येणार असं ठरलं. ऑफिसांना चहाची यंत्रं पुरवणारा, मोठा माणूस. त्याला कुंडीत कुपी कुजलेली बघायची होती. तो यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तुझ्या गच्चीवर गेलो. सहज म्हणून एक कुंडी उकरली. कुपी जशीच्या तशी. ओली, चकचकीत, कागदाचं झाकण तेवढं गेलेलं आणि आत मुंग्यांनी संसार मांडलेला. दुसरी उकरली, तीच गत. मी चारही कुंड्या उकरल्या, आठही कुप्या काढून पिशवीत घातल्या, माती दाबून बसवली, वर पाणी शिंपडलं. पिशवी खाली जाऊन घंटागाडीत टाकली. एवढं काम मी आयुष्यात कधी इतकं नेटकं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू पाहुण्यासमोर पेपर पसरलास आणि कुंडी त्याच्यावर उपडी केलीस. नुसती माती. त्यानं मोबाइलवर फोटो काढले. तू मातीत हात घातलास, बोटांत चोळलीस, बराच वेळ चोळलीस. मग माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "चांगलंय." आणि ओठ मिटून हसलीस.

मी ते हसू ओळखलं होतं, आक्के. खोटं कशाला बोलू. पण पाहुण्यानं हात पुढं केला आणि मी तो हलवत बसलो.

मग तुझी गंमत सुरू झाली. जेवताना, शेडमध्ये, पैठण रोडवर गाडीत, कधीही अचानक, "दिन्या, काही सांगायचंय का?" मी एखादा किस्सा सांगायचो. तू ऐकायचीस, हसायचीस, आणि पुन्हा बाहेर बघायचीस. खोकी छापून आली, माल भरला, आणि तू माल काही सोडेनास. कधी झाकण नीट चिकटलं नाही, कधी चहात ओल आहे, कधी आणखी एक खेप तपासून बघू. पुण्याचा माणूस मला रोज फोन करायचा. मला वाटलं, म्हातारपणी तुझा हात कापतोय.

आणि मग तो सोमवार. शेडमध्ये, रफिकभाई आणि पॅकिंगच्या सगळ्या बायांसमोर मी तुला म्हणालो की तू मास्तरीण आहेस, तुला धंदा कळत नाही, जन्मभर पेपर तपासलेस आणि आता माल तपासत बसलीस. मी आणखीही बोललो. बाया खोकी भरायच्या थांबल्या. तू चिडली नाहीस, आणि तिथंच माझं आणखी डोकं फिरलं. तू शांतपणे विचारलंस, "मजकूर बदलायचा असंल तर सांग."

मी म्हणालो, "एक अक्षर बदलणार नाही."

"बरं," म्हणालीस.

आठ दिवस आपण बोललो नाही. आठ दिवस मी वाट बघितली की तूच फोन करशील, कारण लहानपणापासून भांडण झालं की तूच आधी बोलायचीस. आणि तू वाट बघत होतीस माझी. मंगळवारी सकाळी फोन आला तो भावजींचा. मी नाव बघून आधी उचलला नाही. वाटलं, तुझी बाजू घेऊन मला समजवायला लावलेला असेल. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. आक्के, मी आयुष्यात एवढे फालतू फोन उचलले आणि हा दोनदा वाजू दिला.

आता ऐक, खरा राग कशाचा ते.

तू गेल्यावर आठव्या दिवशी मी गच्चीवर भावजींजवळ जाऊन बसलो. ते झारीनं कुंड्यांना पाणी घालत होते. तुला माहितीय, हा माणूस पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झाला आणि अजून पाणी मोजून सोडतो. मोगऱ्याच्या कुंडीपाशी आले तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, की त्या दिवशी तू इथं बसून उकरत होतास ना, ती दारातच होती. वाळलेले कपडे काढायला वर आली होती. मी तिच्या मागून आलो आणि तिला म्हणालो, हाक मारू का त्याला?

मी भावजींना विचारलं, मग?

"म्हणाली, नको. सांगेल तोच."

आणि झारी घेऊन पुढच्या कुंडीकडं गेले.

सांगेल तोच. व्हय का? तू बघितलं होतंस. सगळं बघितलं होतंस, आणि तोंड मिटून खाली गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी तीच कुंडी पाहुण्यासमोर स्वतःच्या हातानं उपडी केलीस. माल अडवून धरलास, पण मला अडवलं नाहीस. चोपन्न वर्षांच्या माणसाची परीक्षा घेत बसलीस. एक कानाखाली द्यायची होती, आक्के. लहानपणी पाटीवरचं गणित मी शेजारच्याचं बघून लिहिलं तेव्हा दिली होतीस ना? तेव्हा तर तुला मास्तरकीची नोकरीही नव्हती. एकच हाक मारली असतीस, दिन्या, काय करतोस रं, तर तिथंच संपलं असतं सगळं. मी थोडी थाप मारली असती, तू मारू दिली नसतीस, आणि आपण मजकूर बदलला असता. पण नाही. मॅडमना पद्धत प्यारी. बरं, परीक्षा घेतलीस तर घेतलीस, पण परीक्षेला वेळ दिलेला असतो. शेवटची दहा मिनिटं राहिली म्हणून सांगायचं असतं. तू काहीच न सांगता वर्गातून उठून गेलीस आणि मी कोरा कागद घेऊन बसलोय.

त्याच आठवड्यात पुण्याच्या माणसाचा फोन आला. तुझ्या जाण्याचं त्याला खरंच वाईट वाटलं होतं, ते नाटक नव्हतं. म्हणाला, मॅडमची आठवण म्हणून तरी आता पहिला माल पाठवा. आणि त्या दिवशी काढलेला फोटो आम्ही जाहिरातीत घेतोय, मातीत मॅडमचा हात दिसतो ना, तो. खाली तुमचीच ओळ. मोगरा फुलवा. मी हो म्हणालो की नाही, मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर समजलं की आता हे खोटं माझं राहिलं नाही. ते तुझ्या हातानं बाजारात जाणार होतं. कुणीतरी पुण्यात, कुणीतरी आणखी कुठं, तुझा हात बघून कुंडीत कुपी पुरणार आणि वर्षभरानं उकरून म्हणणार, बाई खोटारडी निघाली.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो. ट्रक येऊन लागला होता. खोकी दारापर्यंत रचलेली, आणि रफिकभाई त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसलेले. एकही खोकं चढलेलं नाही. मी विचारलं, काय झालं, भरायचं का थांबलंय?

"मॅडम बोल के गए थे," ते म्हणाले. "दिनकरभाई बोलेंगे, तबच माल निकालना."

"मी काय बोलणार?"

"वो नहीं बोले. बोले, उनकू मालूम है."

त्यांना वाटत होतं, मी फक्त हो म्हणायचं आहे. पॅकिंगच्या बायाही माझ्याकडं बघत होत्या, ट्रकवाला बिडी विझवून उभा राहिला. एका 'हो'चं काम होतं. आयुष्यभर ज्याच्या तोंडाला कुलूप लागलं नाही, त्या माणसाला एक शब्द बोलायचा होता. आक्के, तू मेल्यावरसुद्धा मला फळ्यासमोर उभं केलंस.

मी सांगितलं. रंगवून नाही सांगितलं. कुंडीतल्या कुप्या कुजल्या नव्हत्या, त्या मी काढून घंटागाडीत टाकल्या, एवढंच. मला वाटलं रफिकभाई हसतील, निदान 'जाने दो' तरी म्हणतील, कारण सगळे मला तसंच म्हणत आलेत. ते स्टुलावरून उठले, हात पुसायचं फडकं घेतलं आणि पुसतच राहिले. शेवटी म्हणाले, "अम्मी के गुलाब में छे डाले मैं. रोज पानी डालती. रोज पूछती, कब गलेगा."

मी खोक्यावरची माझीच ओळ वाचत उभा राहिलो.

"साँचा मेरा, मशीन मेरे हात की. झूट तुम बोले, पन माल तो मेरा बी है ना? मेरेकू तो बोलना था. मैं क्या गैर हूँ?"

तुझ्या जाण्यानंतर मला पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं. आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण ओरडलंच ते. मला इतकं बरं वाटलं, आक्के, की लाज वाटली. तू हेच केलं असतंस तर काय बिघडलं असतं?

ट्रक रिकामा गेला. पुण्याच्या माणसाला मी तिथूनच, बायांसमोर फोन लावला, म्हणजे मधेच एखादा किस्सा सुचायला नको. त्यानं आधी विचारलं, आठही? मग थंड आवाजात म्हणाला की फोटो जाहिरातीतून काढतो, बाकीचं बघू. ते 'बघू' काय आहे मला माहीत नाही. माल घेईल, नाही घेईल. तुझी शेड राहील, नाही राहील. बाया आता खोक्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवतायत. त्यावरचा मजकूर माझाच आहे. ही कुपी घरच्या कुंडीत कुजत नाही. मोठ्या, गरम ढिगातच कुजते. वापरलेल्या कुप्या आमच्याकडं परत द्या. इतका रटाळ मजकूर मी आयुष्यात लिहिला नव्हता. शोभाबाईनं पहिली पट्टी चिकटवली, वाचली आणि विचारलं, "परत आलेल्या कुप्यांचं काय करायचं, भाऊ?" मी म्हणालो, लासूरच्या ढिगात घालायच्या. ती म्हणाली, मग ढीग मोठा लागंल. चुलत भावाला अजून विचारलेलं नाही. तो हो म्हणेल, आणि मग जन्मभर ऐकवेल.

त्याच दुपारी रफिकभाई मला त्यांच्या मागं बसवून छावणी भागातल्या त्यांच्या घरी घेऊन गेले. मला बोलायला लावायला नव्हे. घरी गेल्यावर अंगणातली गुलाबाची कुंडी दाखवली, आणि खुरपं माझ्या हातात दिलं.

अम्मी पलंगावर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढं असतील, ऐकू कमी येतं. मी कोण ते रफिकभाईंनी कानापाशी जाऊन सांगितलं. त्यांनी तुझ्याबद्दल हळहळ केली, डोक्यावरून पदर सारखा केला, आणि मी काय करतोय ते बघायला काठी टेकत कुंडीपाशी आल्या. मी एकेक काढत गेलो. सहाच्या सहा. एकीलाही काही झालेलं नव्हतं. त्यांनी एक उचलली, पदरानं पुसली, उजेडात धरून फिरवून बघितली, आणि लेकाकडं कौतुकानं बघून म्हणाल्या,

"माशाल्ला, कित्ती मजबूत बनाए."

रफिकभाईंनी तोंड फिरवलं. हसत होते की काय, मला दिसलं नाही. मी खुरपं धरून तिथंच बसून राहिलो. मग मी अम्मींना मोठ्यानं, शेजारच्या घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "बहन कू बोले?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. तांब्यानं माझ्या मातीच्या हातांवर पाणी घातलं, आणि आत जाऊन बसल्या.

तिथून सरळ तुझ्या घरी आलोय आणि लिहायला बसलोय. फोटो असलेल्या खोलीचं दार ओढून घेतलंय, म्हणजे मला मधेच हसायला येणार नाही आणि तुलाही. सगळ्यांना सांगून झालं, आक्के. बायांना, रफिकभाईंना, पुण्याच्या माणसाला, छावणीतल्या एका बहिऱ्या म्हातारीला. आता तुला सांगतो. मोगऱ्याच्या कुंड्यांतल्या कुप्या मी काढल्या. त्या कुजल्या नव्हत्या, आणि ते मला माहीत होतं.

माझं झालं. पण त्या दिवशी पाहुण्यासमोर ती माती चोळताना तुलाही माहीत होतं, आणि तू 'चांगलंय' म्हणालीस. ते खोटं माझं नाही, ते तुझं आहे. मला वाचवायला बोललीस, का मला आणखी खोल जाऊ द्यायला, का तुलाही तो चहा, ती शेड, ते पुणं हवंहवंसं वाटलं होतं? मी हे कुणाला विचारू? भावजींना माहीत नाही. मी विचारलं.

आता तू सांग.